गर्दी कुणाची, मैदान कुणाचे?

‘मुलींच्या सामन्याला पब्लिकच येत नाही, ताई. आम्ही तरी काय करणार?’

कबड्डीचे सामने भरवणाऱ्या मंडळांकडून हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे की पुढचे शब्द आता आधीच ठाऊक असतात. पब्लिक नाही म्हणून वर्गणी नाही, वर्गणी नाही म्हणून बक्षीस नाही, बक्षीस नाही म्हणून बाहेरगावचे संघ येत नाहीत आणि संघ येत नाहीत म्हणून पब्लिक नाही. झाले वर्तुळ पूर्ण! यात कुणाचाच दोष नाही. असलाच तर मुलींच्या खेळाचा आहे, तो ‘ओढत’ नाही.

वडनेर भोलजीच्या परिसरात, म्हणजे नांदुरा-मलकापूरच्या या महामार्गालगतच्या पट्ट्यात, सोयाबीन निघाले आणि कापसाची घाई ओसरली की कबड्डीचे खुले सामने सुरू होतात. रात्री दिवे लावतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आडव्या उभ्या करून पोरे त्यांवर बसतात, चहा-भज्यांची गाडी लागते, माइकवर एक बोलका माणूस असतो आणि प्रत्येक चढाईला कुणी ना कुणी शंभर-दोनशेचे बक्षीस जाहीर करतो. हे सगळे पुरुषांच्या सामन्यांना. मुलींचा सामना ठेवलाच तर तो ‘प्रदर्शनीय’! तोही दुपारी तीनला, प्रमुख पाहुणे यायच्या आधी, माइक तपासून होईपर्यंत. उन्हात कोण येणार? कुणी आले नाही की संध्याकाळी तेच मंडळ सांगते, पाहा, आम्ही ठेवला होता सामना.

आमच्या भागातल्या एका गावात मुलींचा संघ आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. पोरी चांगल्या खेळतात, हे मी कौतुकाने नव्हे तर निकाल पाहून म्हणते. तालुक्यात त्यांना हरवणारा संघ नाही, जिल्ह्याला त्या शेवटपर्यंत जातात. त्यांची एक चढाईपटू तीन जणींच्या पकडीतून अंग वळवून मध्यरेषेला हात लावते, तेव्हा कबड्डी न कळणाऱ्यालाही काही तरी घडल्याचे कळते. ते पाहायला चाळीस-पन्नास माणसे असतात, त्यात निम्मी शाळेची मुले. दोन वर्षांपूर्वी या संघात बारा जणी होत्या. आता आठ आहेत. दोघींची लग्ने झाली, एकीचे कॉलेज सुटले, एकीला वडिलांनी सांगितले, ‘कोणी पाहाले येत नाही, कोणी इचारत नाही, कायले हातपाय मोडून घेतं?’ या बापाला दुष्ट म्हणून मोकळे होता येत नाही. मुलाच्या खेळाला गाव जमते तेव्हा त्याच बापाची छाती फुगते. मुलीच्या खेळाला गाव जमले असते तर तिचे लग्न त्याने कदाचित दोन वर्षे पुढे ढकलले असते. म्हणून गर्दीचा प्रश्न मला करमणुकीचा वाटत नाही. मुलगी किती दिवस मुलगी म्हणून राहील, हे त्याच्यावर ठरते.

‘खेळात दम असेल तर लोक येतातच’ हे दुसरे लाडके वाक्य. दम म्हणजे आणखी किती हवा? आशियाई खेळांत स्त्रियांची कबड्डी २०१० साली ग्वांगझौला आली. पुरुषांची १९९० सालीच आली होती, म्हणजे वीस वर्षे उशीर. तरी २०१० आणि २०१४ ही दोन्ही सुवर्णपदके भारतीय स्त्रियांनी घेतली, २०१८ मध्ये इराणकडून तीन गुणांनी हरून रौप्य मिळाले आणि २०२३ साली हांगझौला चायनीज तैपेईवर एका गुणाने मात करून पुन्हा सुवर्ण आले. २०१२ साली पाटण्याला स्त्रियांचा पहिला विश्वचषक झाला, तो आपल्या संघाने जिंकला. त्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे होत्या. यानंतरचा विश्वचषक कधी भरला? २०२५ साली, ढाक्याला. तोही आपणच जिंकला. मधल्या तेरा वर्षांत किती उत्तम खेळाडू आल्या आणि निवृत्त झाल्या असतील, त्यांची मोजदाद कुणी करायची?

या काळात पुरुषांच्या कबड्डीचे मात्र सोने झाले. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली. गाणी, दिवे, नटांच्या मालकीचे संघ, संध्याकाळची वेळ आणि घरोघरी टीव्ही! हुतूतू म्हणून ज्याला शहरी माणूस हसत असे तो खेळ दोन-तीन वर्षांत ऐटदार झाला. खेळ तोच, माती जाऊन मॅट आली एवढेच. २०१६ साली त्याच्याच जोडीने स्त्रियांचे तीन संघ उभे केले, फायर बर्ड्‌स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स. जेमतेम महिनाभर सामने झाले आणि तो प्रयोग गुंडाळला. खो-खोचेही तेच. २०२२ साली अल्टिमेट खो-खो सुरू झाले ते पुरुषांच्या सहा संघांचे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला तेव्हा प्रियांका इंगळेच्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. जिंकायला बायका आणि लीगला पुरुष, अशी ही वाटणी आहे.

गर्दी आपोआप जमत नाही, ती जमवली जाते. आणि जमलेली गर्दी मोडताही येते. इंग्लंडातली गोष्ट सांगते. पहिल्या महायुद्धात प्रेस्टन गावच्या कारखान्यात दारूगोळा बनवणाऱ्या कामगार मुलींनी फुटबॉलचा संघ काढला होता, डिक-कर लेडीज या नावाचा. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला ५३ हजार लोक आले होते. मैदानात जागा नाही म्हणून आणखी हजारो परत गेले. पैसा धर्मादाय कामाला जात होता, म्हणजे लोभाचाही आरोप करता येईना. मग १९२१ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, संलग्न क्लबांनी त्यांना आपली मैदाने देऊ नयेत. जवळजवळ पन्नास वर्षे हा ठराव टिकला. आणि पन्नास वर्षांनी पुन्हा तेच ऐकवायला मोकळे, की बायकांच्या फुटबॉलला प्रेक्षक नाही!

आपल्याकडे असा ठराव लिहून करावा लागत नाही. २०१३ साली स्त्रियांचा क्रिकेट विश्वचषक मुंबईला होता, तर वानखेडे स्टेडियम त्यांना मिळाले नाही, कारण तिथे रणजीचा अंतिम सामना ठेवायचा होता. देशांतर्गत पुरुषांच्या सामन्यासाठी जगाच्या स्पर्धेने जागा सोडली! प्रेक्षकही तेव्हा तुरळकच होते. आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच मुंबईच्या पलीकडे नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्त्रियांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला, तेव्हा मैदान माणसांनी भरून वाहत होते. या बारा वर्षांत काय बदलले? बायका अचानक खेळायला शिकल्या असे नाही. २०२२ मध्ये सामन्याचे मानधन पुरुषांइतके झाले. २०२३ मध्ये त्यांची लीग निघाली आणि पहिल्या वर्षी बायका-मुलींना तिकीटच ठेवले नाही. सामने संध्याकाळी झाले, टीव्हीवर दिसले. थोडक्यात, गर्दीवर पैसा आणि वेळ खर्च केला. क्रिकेटच्या मागे असलेला पैसा कबड्डीच्या मागे नाही हे मला कळते, तुलना तिथे संपते. पण आपल्या गावच्या मंडळाला करोडो रुपये लागत नाहीत. दुपारचा सामना रात्री ठेवायला एक रुपया लागत नाही.

आता मूळ मुद्दा. ‘पब्लिक येत नाही’ यातले पब्लिक कोण? ट्रॉलीवर बसलेले सगळे पुरुष. मैदानाच्या कडेला बाई दिसते का? एखादी भज्यांच्या गाडीवर कढईपाशी. खेळाडू मुलींच्या आयासुद्धा नाहीत. एका आईला विचारले, तर म्हणाली, ‘मी कायले जाऊ वं माय? सैपाक कोण करीन? अन् गेली तं लोक म्हनतीन, बाई कायले उभी राह्यली तिथं?’ दोन्ही गोष्टी तिने एका दमात सांगितल्या आणि दोन्ही खऱ्या आहेत. दिवसभर निंदण-वेचणी करून आलेल्या बाईला संध्याकाळी पाणी, चूल, म्हातारी, लेकरे आहेत. तिचा नवरा सात वाजता कबड्डीला जाऊन बसू शकतो, कारण ती सात वाजता भाकरी थापते. पुरुषांची गर्दी बायकांच्या श्रमावर बसलेली असते, ट्रॉलीवर नव्हे. आणि वेळ काढलाच तरी नुसते पाहत उभे राहायचा हक्क तिला नाही. बाई बाहेर दिसली तर कामाला दिसली पाहिजे. काही न करता उभी असलेली बाई गावाला खुपते.

म्हणजे बायका रात्री घराबाहेर पडतच नाहीत का? तसे मुळीच नाही. अखंड हरिनाम सप्ताह बसला की रात्रीच्या कीर्तनाला मांडव बायकांनी भरतो. शेगावला पायी जाणाऱ्या दिंड्यांत बायका असतात. तेव्हा सैपाक कसा होतो, कोण जाणे, पण होतो! पुढाऱ्याची सभा असली की बचत गटाच्या अध्यक्षांना निरोप येतो, इतक्या बाया पाहिजेत. २०२४ साली लाडकी बहीण योजनेच्या मेळाव्यांना गाड्या भरभरून बायका नेल्या, उन्हात बसवल्या, टाळ्या वाजवून घेतल्या. तेव्हा ‘घरी कोण पाहील’ हा प्रश्न कुणाच्या सासूने काढला नाही. देवासाठी आणि पुढाऱ्यासाठी बाईची गर्दी चालते. स्वतःच्या लेकीची चढाई पाहायला ती चालत नाही. (आणि शंकरपटासाठी तर आपले लोक सुप्रीम कोर्टापर्यंत लढले, २०२३ साली जिंकले. बैलांच्या शर्यतीला प्रेक्षक मिळतील की नाही अशी शंका कुणाला आली नाही.)

जे पुरुष मुलींच्या सामन्याला येतात त्यांच्याबद्दलही बोलले पाहिजे. काही खरोखर खेळ पाहायला येतात, त्यांना नमस्कार. काही कशासाठी येतात ते मुलींना चांगले कळते. मोबाइल कुठे रोखला आहे हे चढाई करतानाही दिसते. मग गावातले शहाणे म्हणतात, हाफपँट बंद करा. अमेरिकेत १९४३ ते १९५४ या काळात स्त्रियांची बेसबॉल लीग चालली. लोक लोटत होते, एका हंगामात नऊ लाखांवर प्रेक्षक आले. पण त्या खेळाडूंना स्कर्ट घालून जमिनीवर घसरावे लागे, गुडघे-मांड्या सोलून निघत, आणि सुरुवातीला चालावे कसे, नटावे कसे याचे वर्गही त्यांना लावले होते. आमच्या पोरींना पाय झाका म्हणतात, त्यांना पाय दाखवा म्हटले. कपडा ठरवणारा दोन्हीकडे खेळणारी नव्हती. मैदानाच्या कडेला शंभर बायका बसल्या तर मोबाइल रोखणारा हात आपसूक खाली येतो, हे मी पाहिले आहे. त्यासाठी पोलीस लागत नाही.

काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतील, मारहाण आहे, पाणी आहे, मजुरी आहे, कर्जवसुली करणारे दारात आहेत, त्यात तुझी कबड्डी कुठे घेऊन बसलीस? स्त्री-चळवळीने बाईच्या श्रमाचा हिशेब मांडला, तिच्यावरच्या हिंसेचा मांडला. तिच्या रिकाम्या वेळेचा हिशेब मात्र अजून नीट मांडलेला नाही. ८ मार्चला संगीत खुर्ची, चमचा-लिंबू आणि पाककृती स्पर्धा घेऊन बाईला ‘विरंगुळा’ देतात आणि त्याच गावात उत्तम खेळणारा मुलींचा संघ असतो, त्याला त्या दिवशी कुणी बोलवत नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक करून दाखवले, याचा वऱ्हाडात आपण सारखा अभिमान सांगतो. नव्वद वर्षे होत आली. आता वऱ्हाडातल्या आयांनी ती गावच्या मैदानावर पाहायला काय हरकत आहे?

मागण्या साध्या आहेत. मुलींचा सामना रात्रीच्या दिव्यांत, पुरुषांच्या उपांत्य सामन्याच्या आधी ठेवावा, म्हणजे गर्दी असतानाच तो होईल. ‘प्रदर्शनीय’ हा शब्द पत्रकावरून काढून स्पर्धा म्हणावे आणि बक्षिसाची रक्कम पुरुषांच्या रकमेशेजारी छापावी, लाज वाटली तर तिथेच वाटू द्या. बायकांसाठी एक बाजू सतरंजी टाकून राखावी. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, पण सामना संपल्यावर गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचे काय करायचे? परतीच्या वाहनाची सोय मंडळाने करावी. २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत आणि ग्रामसभेआधी महिला सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर मैदान, दिवे आणि मुलींचे सामने हा विषय लेखी घालून घ्या. सरपंचबाईंचे यजमान बोलू लागले तर त्यांना बाहेर बसवा.

येत्या ८ मार्चला आमच्या भागातल्या गटांनी संगीत खुर्ची रद्द करून या आठ पोरींचा सामना संध्याकाळी सातला ठेवायचे ठरवले आहे. त्या दिवशी घरी चूल पुरुषांनी पेटवायची, तसे आधीच सांगून ठेवायचे आहे. मैदानालगतच्या शाळेच्या संडासाला संध्याकाळी कुलूप असते, त्याची किल्ली मिळवायचे काम अजून बाकी आहे.