नाळेतल्या रक्ताचा ‘विमा’

गरोदरपणाचा सातवा महिना लागला, की शहरांतल्या अनेक जोडप्यांना एक फोन येतो. बाळाच्या नाळेतले रक्त साठवा, उद्या त्याला मोठा आजार झाला तर हेच रक्त त्याला वाचवेल, असे पलीकडून सांगितले जाते. खर्च काही हजारांपासून लाखाच्या घरात, वर हप्त्यांची सोय. ‘नको’ म्हणणारे आईबाप बाळाच्या जिवावर पैसे वाचवत आहेत, असे थेट कोणी म्हणत नाही. पण ऐकणाऱ्याला ते कळते. हा ‘विमा’ नेमका कशाचा, हे तपासायला पेशींचे थोडे शास्त्र पुरते.

माणूस एका फलित पेशीपासून घडतो. तिच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी होत जातात आणि दर विभाजनाआधी डीएनएची प्रत काढली जाते. मग मेंदूची पेशी आणि यकृताची पेशी वेगळ्या कशा? ग्रंथ दोघींकडे एकच, पण उघडलेली पाने वेगळी. कोणती जनुके चालू, कोणती बंद, यावर पेशीचे काम ठरते. तांबड्या रक्तपेशीने तर पक्व होताना केंद्रक, म्हणजे तो ग्रंथच, टाकून दिलेला असतो. तिला विभागता येत नाही. सुमारे 120 दिवसांत ती संपते. ही झीज भरायला अस्थिमज्जेला रोज सुमारे 20 हजार कोटी नव्या तांबड्या पेशी बनवाव्या लागतात. हे काम रक्ताच्या मूळपेशींचे, म्हणजे स्टेम सेल्सचे. मूळपेशी विभागली की नव्या पेशींपैकी काही मूळपेशीच राहतात, बाकीच्या रक्तपेशी होण्याच्या वाटेला लागतात. म्हणून हा साठा आयुष्यभर पुरतो.

नाळेच्या रक्तात मुख्यतः याच मूळपेशी असतात. त्या रक्त बनवतात. मेंदू किंवा गुडघ्याची कूर्चा बनवत नाहीत. माहितीपत्रकांतल्या आजारांच्या लांबलचक याद्या इथेच लंगड्या पडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूळपेशींचे मान्यताप्राप्त उपचार प्रामुख्याने रक्ताच्या विकारांपुरते आहेत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मधुमेह यांसाठी त्यांचा वापर नोंदणीकृत चाचणीबाहेर करता येत नाही.

बरे, रक्ताचेच विकार घेऊ. थॅलेसेमिया हा जनुकीय आजार. बाळाला तो असेल तर नाळेतल्या मूळपेशींतही तोच दोष असणार. बालपणीच्या रक्ताच्या कर्करोगातही जन्माआधीच दोष शिरलेला असू शकतो, म्हणून स्वतःचे रक्त तिथे सहसा वापरत नाहीत. पॅरिसमध्ये 1988 साली डॉ. एलियान ग्लुकमन यांनी नाळेच्या रक्ताचे पहिले प्रत्यारोपण केले, तेव्हा फॅन्कोनी अ‍ॅनिमिया झालेल्या त्या मुलाला दिलेले रक्त त्याचे स्वतःचे नव्हते, नवजात बहिणीचे होते. साठवलेले रक्त त्याच मुलाला लागण्याची शक्यता अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक इतकी कमी मानली जाते. ‘जैविक विमा’ म्हणून खासगी साठवणूक करू नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने 2018 मध्ये स्पष्ट म्हटले आहे.

आता काही कंपन्या ‘सामायिक साठ्या’ची भाषा करतात: आपले रक्त सगळ्यांना, सगळ्यांचे आपल्याला. कल्पना वाईट नाही. पण ‘बाळाचे रक्त बाळालाच’ हा मूळ दावा टिकत नव्हता, याची ती कबुलीच आहे. शिवाय एका नाळेतल्या मूळपेशी प्रौढ रुग्णाला अनेकदा अपुऱ्या पडतात आणि आता अर्धेच जुळणाऱ्या आईवडिलांची किंवा भावंडांची अस्थिमज्जाही प्रत्यारोपणात वापरता येते.

आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. जन्मल्यावर किमान एक मिनिट नाळ बांधू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. त्या वेळात वारेतले रक्त बाळाकडे जाते आणि पुढच्या महिन्यांसाठी लोहाचा साठा मिळतो. पिशवी भरायची घाई केली, तर रक्तक्षयाने ग्रासलेल्या देशातल्या बाळाचे ते नुकसानच.

घरात थॅलेसेमिया असलेले मोठे भावंड असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. धाकट्याच्या नाळेतले रक्त तेव्हा जरूर जपावे. बहिणीच्या रक्ताने पॅरिसमध्ये साधले ते इथेही साधू शकते. सरसकट सगळ्यांना हे विकणे आणि ज्यांना गरज आहे त्यांना सुचवणे, यांतला फरक प्रसूतितज्ज्ञांना माहीत असतो. तो त्यांनी तोंडाने सांगावा आणि माहितीपत्रके प्रतीक्षाकक्षातून काढावीत. कंपनीकडून मोबदला मिळत असेल, तर तेही जोडप्याला कळलेच पाहिजे.

थॅलेसेमियाची भीती दाखवून रक्त साठवायला लावण्यापेक्षा त्याची तपासणी आधी व्हायला हवी. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली या महाराष्ट्रात मोठ्या संख्येने राहणाऱ्या समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक आहे, पण इतरांनीही गाफील राहू नये. आईची ‘एचबीए-टू’ ही रक्ततपासणी पहिल्या तीन महिन्यांतच करावी. ती वाहक निघाली तर वडिलांची. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते आणि गर्भाची तपासणी करून निर्णय घ्यायला तेव्हा वेळ हातात असतो. सातव्या महिन्यातल्या फोनपर्यंत तो उरत नाही.