आधी डायल, मग लेथ

ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरते, पेडल पायाखाली धडधडते आणि वेग उतरला की थरथरही मंदावते, तेव्हा दोष बहुतेक वेळा पुढच्या डिस्कमध्ये असतो. मोटारीचे चाक एका फेरीत साधारण 1.9 मीटर अंतर कापते. ताशी 80 किलोमीटर वेगाला ते सेकंदाला बाराच्या आसपास फेऱ्या घेते. डिस्कच्या जाडीत 15 ते 20 मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाव भागाइतका फरक असला, तरी तो दर फेरीला पॅड मागे ढकलतो आणि तो धक्का पिस्टनमधून पेडलपर्यंत पोचतो. ब्रेक न लावताही गाडी थरथरत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग पाहावे. स्टिअरिंग स्थिर राहून फक्त सीट हलत असेल तर संशय मागच्या ड्रमवर घ्यावा. मोकळ्या रस्त्यावर हँडब्रेक हळूच ओढला की ते कळते.

नाशिक परिसरात या दोषाला घाट मोठा हातभार लावतात. इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना रस्ता सुमारे 300 मीटर खाली येतो. प्रवासी आणि सामानासह 1,400 किलो भरणाऱ्या गाडीची तेवढ्या उतारातली ऊर्जा 41 लाख ज्यूल होते. तीच गाडी ताशी 80 च्या वेगावरून बारा वेळा थांबवावी, एवढी. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिन यातला मोठा वाटा उचलते. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याची जवळजवळ सगळी उष्णता डिस्कमध्ये जाते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा 5 जून 2025 रोजी सुरू झाल्यापासून मुंबईची बरीच वाहने बोगद्यातून जातात, पण सप्तशृंगगडावरून नांदुरीला उतरणाऱ्यांना घाट चुकलेला नाही. घाट संपताच तापलेल्या डिस्कवर पॅड घट्ट दाबून गाडी उभी केली, की पॅडचा थर त्या जागी चिकटून राहतो. पावसाळ्यात पंधरा-वीस दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत पॅडखालची आणि पॅडबाहेरची डिस्क वेगवेगळी गंजते. परिणाम तोच.

गॅरेजमध्ये निदान होते ते ‘डिस्क वाकली’ असे. वाकणे क्वचितच घडते. बहुधा डिस्क हबवर किंचित तिरकी बसलेली असते. हबच्या तोंडावर गंजाची 0.05 मिलिमीटर पापडी राहिली, तर डिस्कच्या कडेला ती जवळपास दुप्पट होऊन दिसते. अशी डिस्क ब्रेक सोडलेला असतानाही दर फेरीला एकाच जागी पॅडला घासते. काही हजार किलोमीटरमध्ये ती जागा पातळ होते आणि थरथर सुरू होते. नवी डिस्क टाकून दिलेली गाडी सहा महिन्यांनी तीच तक्रार घेऊन परत येते ती यामुळे, आणि ग्राहक उगाच डिस्कच्या कंपनीला दोष देतो.

गेल्या काही वर्षांत घरच्या अंगणातच अँगल ग्राइंडरने डिस्क घासण्याचा प्रकार वाढला आहे. गाडी जॅकवर, इंजिन चालू, चाकाच्या जागी फिरती डिस्क आणि हातात ग्राइंडर. यातला धोका उघड आहे. पण पद्धतही मुळातच चुकीची आहे, कारण ग्राइंडरला संदर्भाचे स्थिर प्रतल नसते. तो डिस्कच्या डोलण्याबरोबर डोलतो. पृष्ठभाग चकचकीत होतो, डोलणे तसेच राहते आणि जाडीतला फरक वाढूही शकतो. हाताने 80 किंवा 120 नंबरचा पेपर मारून वरवरचा गंज आणि पॅडचा थर काढणे मात्र योग्य आहे, आणि घरी करण्याजोगे काम तेवढेच. निळसर डाग दिसत असतील तर पेपरने काही होत नाही. तिथे बिडाचे रूप बदलून सिमेंटाइट हा कठीण घटक तयार झालेला असतो, तो कमी झिजतो आणि पुन्हा उंचवटा होऊन वर येतो. अशी डिस्क बदलावी.

मापनाला अर्धा तास पुरतो. डिस्क काढून हबचे तोंड तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ करावे, डिस्क परत लावून नट वॉशरसह आवळावेत आणि कडेपासून 10 मिलिमीटर आत डायल गेज लावून डिस्क फिरवावी. डिस्कच्या डोलण्याची बहुतेक कंपन्यांची मर्यादा 0.05 ते 0.10 मिलिमीटरच्या दरम्यान असते. डायल जास्त दाखवत असेल तर डिस्क एक बोल्ट पुढे सरकवून पुन्हा पाहावे. चार बोल्टच्या हबवर अशा चार जागा मिळतात आणि पुष्कळदा एका जागी दोष निम्म्यावर येतो. नंतर मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी घ्यावी.

एवढे करूनही डिस्क कापावी लागली, तर नाशिकच्या सातपूर-अंबडला लेथची कमतरता नाही. कमतरता आहे ती योग्य सूचनेची. साध्या लेथवर एक बाजू कापून, जॉब उलटवून दुसरी कापली, तर दोन्ही बाजू समांतर राहण्याची खात्री नसते. डिस्क मँड्रेलवर धरून दोन्ही तोंडे एकाच सेटिंगमध्ये कापायला सांगावे, आणि हवेशीर डिस्कवर दोन्हींकडून सारखाच कट घ्यावा. गाडीवरच बसणारे ब्रेक लेथ सर्वांत चांगले, कारण ते हबलाच संदर्भ मानते. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीखाली कधीही जाऊ नये: पातळ डिस्क तेवढ्याच ब्रेकिंगला अधिक तापते. एका बाजूची डिस्क कापली तर त्याच ॲक्सलची दुसरीही कापावी. घासताना मास्क हवाच. बाजारातली सगळी पॅड ॲस्बेस्टॉसमुक्त असतात असे धरून चालता येत नाही, म्हणून कॅलिपरवर कॉम्प्रेसरची हवा मारण्याची सवय सोडावी आणि धूळ ओल्या फडक्याने पुसावी.

जोडताना डिस्क साबणाच्या पाण्याने धुऊन, पांढरे फडके स्वच्छ निघेपर्यंत पुसावी. व्हील नट एअर गनने न आवळता तिरपे-समोरासमोर टॉर्क रेंचने आवळावेत. लहान मोटारींना 100 न्यूटन-मीटरच्या आसपास लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. मग रहदारी नसलेल्या रस्त्यावर ताशी 60 वरून 20 पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावावेत आणि मधे डिस्क निवायला वेळ द्यावा. परतल्यावर हँडब्रेक न ओढता, चाकाला अडण लावून गाडी थंड होऊ द्यावी. 1,000 किलोमीटरनंतर नटांचा टॉर्क आणि डायलचे वाचन पुन्हा घ्यावे व दोन्ही आकडे जॉबकार्डावर लिहून ठेवावेत.