गादी उरते, सत्ता जाते

कुंभकोणमजवळच्या साक्कोट्टैत मी राहतो. येथून तंजावर फार दूर नाही. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. तो कोरला गेला १८०३ मध्ये. त्याआधी चारच वर्षे, १७९९ च्या तहाने, दुसऱ्या सरफोजी राजांनी राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केला होता. त्यांच्याकडे उरले ते तंजावरचा किल्ला, वार्षिक एक लाख पागोडे आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी समृद्ध केले, हे त्यांचे मोठेपण. परंतु रयतेच्या शेतसाऱ्याचा निर्णय आता कंपनीचा होता. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे पुत्राविना निवर्तले आणि मानाची गादीही संपली.

हीच युक्ती दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने विसाव्या शतकात पूर्णत्वास नेली. १९५१ च्या कायद्याने टोळीप्रमुख हे सरकारी यंत्रणेचे घटक झाले, तर १९५९ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांना ‘स्वदेशां’त स्वयंशासन देऊ केले. प्रमुखाने ऐकले नाही तर काय होते, हे अल्बर्ट लुथुली यांनी १९५२ मध्येच अनुभवले होते. आफ्रिकन नॅशनल काँग्रेस सोडण्यास नकार देताच त्यांचे प्रमुखपद काढून घेण्यात आले. ट्रान्स्कायमध्ये १९६३ साली निवडणूक झाली. पण विधिमंडळात ४५ निवडून आलेले, तर ६४ प्रमुख. जनमत व्हिक्टर पोटो यांच्या बाजूने होते. प्रमुखांच्या बळावर सत्ता मिळाली ती कैसर मटान्झिमा यांना. १९७६ मध्ये ट्रान्स्काय ‘स्वतंत्र’ झाले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेखेरीज एकाही देशाने त्यास मान्यता दिली नाही.

वर्णद्वेषी राजवटीची तुलना आपल्या लोकशाहीशी करणे अनुचित ठरेल. तरीही त्या इतिहासाने दिलेली कसोटी आपल्यालाही लागू पडते: स्थानिक सत्ताधारी उत्तर कोणाला देतो, वरच्यांना की गावाला?

पंचायतीची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-ई सांगतो. तरीही तमिळनाडूतील ग्रामपंचायती ऑक्टोबर २०१६ पासून तीन वर्षांहून अधिक काळ लोकप्रतिनिधींविना चालल्या. मुंबई महापालिकेवरही मार्च २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक होता. कारणे दिली जातात ती प्रभागरचनेची, आरक्षणाची आणि न्यायालयीन वादांची. ती खोटी नाहीत. मात्र मुदत कधी संपणार, हे पाच वर्षे आधीच ठाऊक असते.

प्रशासनात आयुष्य घालवल्यामुळे प्रशासकाचा मोह मला परिचित आहे. विचारणारे कोणी नसले की धारिका वेगाने हलतात आणि त्या वेगालाच आपण कार्यक्षमता समजू लागतो. म्हणून प्रभागरचना व आरक्षणनिश्चितीचे काम राज्य निवडणूक आयोगाकडे सोपवावे आणि ते मुदत संपण्याच्या वर्षभर आधी पूर्ण करण्याचे बंधन घालावे. अन्यथा ग्रामपंचायतीच्या पाटीवर स्वराज्य शिल्लक राहील, आणि तेही १८०३ च्या शिलालेखासारखे, सत्ता गेल्यानंतर.