सरावलेखनाचे संपादन : मर्यादेचा प्रश्न

सर्जनशील लेखनाच्या वर्गात विद्यार्थ्यांकडून मुक्तलेखनाचा सराव करून घेतला जातो. पंधरा मिनिटे हात थांबवायचा नाही, खाडाखोड करायची नाही, शुद्धलेखनाची चिंता करायची नाही, एवढीच अट असते. पुढे यातील काही लेखन विभागाच्या भित्तिपत्रकावर लावायचे किंवा महाविद्यालयाच्या वार्षिकात छापायचे ठरते. आणि ज्या शिक्षकाने चुकांची चिंता करू नका असे सांगितलेले असते, तोच लाल शाई घेऊन बसतो. अशा वेळी वाचकांपुढे जाणारे लेखन विद्यार्थ्याचे किती आणि संपादकाचे किती, हा प्रश्न मराठीच्या अध्यापनात फारसा विचारला जात नाही.

'आणी'चे 'आणि' करावे, 'परंतू'चे 'परंतु' करावे, याविषयी वाद होण्याचे कारण नाही. घाईत हात चुकतो. तो सावरून घेणे हे सौजन्यच होय. अडचण येते ती पुढच्या पायरीवर. विद्यार्थी लिहितो, 'बाप शेतातून आला.' छापील पानावर ते 'वडील शेतातून आले' असे होते. मूळ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. म्हणजे येथे दुरुस्त झाले ते व्याकरण नव्हे, घर दुरुस्त झाले. 'आला'च्या जागी आदरार्थी 'आले' येताच बाप आणि मुलगा यांच्यामधली जवळीक, कदाचित रागही, नाहीसा होतो आणि त्या जागी मध्यमवर्गीय घरातील अदब येऊन बसते. संपादकाला वाटते, आपण भाषा नीट केली. विद्यार्थी मात्र त्यातून एवढेच शिकतो की आपल्या घरातील माणसे पानावर यायची तर कपडे बदलून यावी लागतात. पुढच्या सरावात तो 'वडील' असेच लिहितो, आणि तेथे त्याचे मुक्तलेखन संपलेले असते.

या दोन टोकांच्या मध्ये खरा संदिग्ध प्रदेश आहे. 'पानी' हा शब्द एका वहीत अनवधानाने आलेला असतो, तर दुसऱ्या वहीत तो आजीच्या तोंडचा असतो. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनीही (१९६२, पुढे १९७२ मध्ये भर) बोलण्यातील उच्चार दाखवताना उच्चाराप्रमाणे लिहिण्यास वाव ठेवलेला आहे. मुक्तलेखनात तर निवेदन आणि बोलणे यांच्यातील सीमारेषाच पुसट असते. तेव्हा 'पानी' बदलायचे की ठेवायचे, याचे उत्तर नियमांच्या पुस्तिकेत मिळणार नाही. ते लिहिणाऱ्याला विचारावे लागते. पाच मिनिटांचे हे काम टाळले जाते ते बहुधा वार्षिक छापखान्यात जाण्याची तारीख उलटून गेलेली असते म्हणून.

याउलट, काहीच बदलू नये असा आग्रह धरणारेही आहेत. 'अस्सलपणा'च्या नावाखाली ते ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांसह लेखन जसेच्या तसे लावतात. भित्तिपत्रकापुढे उभे राहून इतर विद्यार्थी त्या चुकांना हसतात, हे त्यांच्या गावीही नसते. स्वतःच्या लेखाची तीन-तीन मुद्रिते तपासणाऱ्याने ग्रामीण विद्यार्थ्याकडून कच्चेपणाची अपेक्षा करावी, यात उदारपणापेक्षा तुच्छता अधिक आहे.

या संदर्भात मुक्ता साळवे हिच्या निबंधाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या, जेमतेम चौदा वर्षांच्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. छापण्यापूर्वी त्यावरून कोणाचा हात किती फिरला असेल, हा पाठचिकित्सेचा वेगळा विषय आहे. तथापि छापील पाठात जे शिल्लक आहे ते बोलके आहे. युक्तिवाद करता करता ही मुलगी मध्येच थेट देवाला विचारते, की तुझ्याकडून आलेला आमचा धर्म तरी कोणता? निबंधलेखनाच्या शालेय शिस्तीत हे 'विषयांतर' ठरले असते आणि दक्ष परीक्षकाने त्यावर काट मारली असती. निबंध आजही वाचला जातो तो मुख्यतः या तोल सुटलेल्या जागांमुळे.

म्हणूनच दुरुस्तीपेक्षा निवड हा अधिक प्रामाणिक मार्ग वाटतो. सरावाच्या दोन पानांत पुष्कळदा चारच ओळी जिवंत असतात. त्या चार ओळी, गाळलेल्या जागा टिंबांनी दाखवून, जशाच्या तशा द्याव्यात. उरलेला मजकूर घासूनपुसून त्याचा लघुनिबंध बनवू नये. विशेषतः शेवट जोडण्याचा मोह आवरावा. मुक्तलेखन घंटा वाजली म्हणून थांबलेले असते, आणि संपादकाने लावलेले समारोपाचे वाक्य चटकन ओळखू येते. (अशा वाक्यात 'जीवन' हा शब्द हमखास असतो.)

आणखी एक गोष्ट राहते. हे लेखन कोणी तपासणार नाही, या भरवशावर झालेले असते. त्यामुळे ते इतरांना दाखवण्याचा निर्णय केवळ शिक्षकाचा असू शकत नाही. केलेल्या बदलांसह अंतिम प्रत विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. त्याने 'वडील' खोडून पुन्हा 'बाप' लिहिले तर ते तसेच राहू द्यावे. आणि 'हे लावू नका' असे त्याने म्हटले तर, वार्षिकाचे पान रिकामे राहिले तरी चालेल, कागद त्याला परत करावा.