एक नंबर म्हणजे एक घर नव्हे!

शनिवार आहे, डेडलाईन नाही, तेव्हा आज जरा भांडून घेतो. विषय - लग्नपत्रिका. म्हणजे पत्रिका नाही, पाकिटावरचा पत्ता.

आमच्या बीडकडं लग्न ठरलं की घरातल्या इंजिनियरला हल्ली एक काम हमखास मिळतं. "मोबाईलमधले कॉन्टॅक्ट काढ आणि लेबलं छापून टाक, पाच मिनिटांचं तर काम!" मग आपले बंधू गूगलमधनं सीएसव्ही काढतात, वर्डचं मेल मर्ज लावतात, एका ए-फोर कागदावर २४ लेबलं... झालं!

झालं काय, कप्पाळ? मोबाईलमध्ये माणसं असतात, घरं नसतात. पत्रिका घराला जाते. "सहकुटुंब सहपरिवार" आपण उगाच लिहितो का?

एका घरात दादांची दोन सिम, वहिनींचं एक, पोराचं एक. एका उंबऱ्यावर चार पत्रिका! हा झाला विनोदी भाग. आता दुसरा बघा. गावात एकट्या राहणाऱ्या एखाद्या मावशी. स्वतःचा फोन नाही. काका गेले, वर्षभरानं कुणीतरी त्यांचा नंबर डिलीट केला. त्या नंबरासोबत मावशींचं घरच यादीतनं गेलं. कुणी मुद्दाम केलं नाही, पण मावशींना ते कसं कळावं? त्यांना एवढंच दिसतं की नवरा होता तोवर बोलावणं येत होतं.

म्हणून म्हणतो, कॉन्टॅक्टपासून सुरुवातच करू नका. आधी मागच्या लग्नाची आहेराची वही काढा. गाव, घरातल्या कर्त्याचं नाव, आकडा. एक ओळ, एक घर. आपण चार वर्षं डेटाबेस शिकून जे विसरतो ते त्या वहीला ठाऊक आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या मुकादमाचा हिशेबसुद्धा माणसागणिक नसतो, कोयत्यागणिक असतो - नवरा-बायको मिळून एक कोयता. (तो हिशेब न्यायाचा असतो असं मी म्हणत नाही. तो वेगळ्या शनिवारचा विषय.)

ऊसतोडीवरनं आठवलं. दसरा-दिवाळीनंतर आपल्याकडची कित्येक घरं पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर असतात. लग्नसराई नेमकी त्याच दिवसांत सुरू होते. लेबल अगदी बरोबर छापलं तरी दाराला कुलूप! तेव्हा यादीत एक रकाना हवाच, "सध्या पत्रिका कुणाकडं द्यायची". हा रकाना कुठल्याही कॉन्टॅक्ट ॲपमध्ये सापडणार नाही, कारण ते बनवणाऱ्याला घर असं अर्धं वर्ष हलतं हेच माहीत नाही.

आता पत्ता. मु. आणि पो. हे दोन वेगळे रकाने करा. तांड्यावर, वस्तीवर पोस्ट नसतं, ते शेजारच्या गावात असतं. जिल्ह्यावरनं पिन ठोकून देऊ नका. बीड शहर ४३११२२, पण आष्टी बीड जिल्ह्यात असूनही ४१४२०३. पहिले तीन आकडे टपालाची छाटणी कुठं होते ते सांगतात, कलेक्टर कोण ते नाही. आणि गठ्ठे जिल्ह्याच्या नावानं नाही, पिननं लावा. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. यादीत दोन्ही नावं निघणार. १९७२ पासूनचा पिन मात्र तिथंच आहे. आणि कृपा करून नावं युनिकोडमध्ये टाईप करा. जुन्या फॉन्टातली यादी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात.

यावर दोन आक्षेप येणार, माहीत आहे. पहिला : "व्हॉट्सॲपवर टाकली की झालं." टाका की! पण व्हॉट्सॲपही नंबरालाच जातं, म्हणजे मावशी पुन्हा बाहेरच. दुसरा : "आता डिजिपिन आलाय." आलाय, २०२५ मध्ये टपाल खात्यानं आणला. साधारण चार बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरांचा कोड. जागा सापडेल, उत्तम आहे. पण त्या चौकोनात कोण राहतं आणि पाकिटावर नाव कुणाचं घालायचं, हे उपग्रह सांगणार नाही.

उपाय साधा आहे. दोन शीट. पहिलीत घरं : घर क्रमांक, पाकिटावरचं नाव, मु., पो., ता., जि., पिन, सध्या कुणाकडं. दुसरीत माणसं : नाव, फोन, घर क्रमांक. लेबलं पहिलीतनं, फोन दुसरीतनं. माणूस गेला तर दुसरीतली ओळ जाते, घर राहतं. पाकिटावर मावशींचं नाव येतं. त्यांचं स्वतःचं, "कै. अमुक यांच्या पत्नी" असलं काही नाही.

आणि छापायच्या आधी ती यादी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला मोठ्यानं वाचून दाखवा. कोण राहिलं ते ती लगेच सांगेल. तेवढं टेस्टिंग तरी करा राव, ऑफिसात तर दोन ओळींच्या कोडला दोन दिवस करतो आपण!