मृत्युपत्रातली माणसे

घराण्यांचे इतिहास वाचण्याची मला पूर्वीपासून आवड आहे. घराणे आपलेच असले पाहिजे असे नाही. आपल्याकडचे कुलवृत्तान्त घ्या किंवा अमेरिकेतल्या वसाहतकाळातल्या जमीनदारांच्या वंशावळी घ्या, त्यांचा साचा बहुधा एकच असतो. एक मूळ पुरुष असतो. तो कुठून तरी परागंदा होऊन आलेला असतो. त्याला जमीन मिळते, मुलेबाळे होतात, जमीन वाढते, पुढे वाटण्या होतात आणि आडनावाच्या फांद्या पानभर पसरतात. एक प्रश्न मात्र या पुस्तकांत सहसा कुणी विचारत नाही. एवढी जमीन कसली कोणी?

या प्रश्नाचे उत्तर ज्या घराण्याला थेट कोर्टात उभे राहून द्यावे लागले, त्याची हकिगत आज सांगायची आहे. घराण्याचे नाव प्लेझंट्स, राहणार व्हर्जिनिया, पंथाने क्वेकर.

क्वेकर पंथ इंग्लंडात सतराव्या शतकाच्या मध्याला जॉर्ज फॉक्सच्या उपदेशातून उभा राहिला. प्रत्येक माणसाच्या अंतरात ईश्वराचा प्रकाश आहे, म्हणून मध्ये पुरोहित नको, ही त्यांची मूळ श्रद्धा. ते शपथ घेत नसत, शस्त्र धरत नसत, बड्या माणसापुढे टोपी काढत नसत. त्यामुळे राजसत्ता आणि धर्मसत्ता दोन्ही त्यांच्यावर खवळून असत. व्हर्जिनियाच्या वसाहतीने तर १६६० साली क्वेकरांच्या विरोधात कायदाच केला आणि त्यांना आणणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला शंभर पौंड दंड ठरवला.

याच व्हर्जिनियात, याच दशकात, इंग्लंडातल्या नॉर्विच गावाहून जॉन प्लेझंट्स नावाचा तरुण येऊन पोहोचला. जेम्स नदी जिथे नागमोडी वळणे घेते त्या कर्ल्स नावाच्या भागात त्याने बस्तान बसवले. जमीन सुपीक होती आणि तंबाखूला इंग्लंडात भाव होता. हळूहळू त्याची गणना मोठ्या जमीनदारांत होऊ लागली. पुढे तो वसाहतीच्या विधिमंडळावर निवडूनही आला, पण क्वेकराने शपथ घ्यायची नसते म्हणून त्याने जागेवर पाणी सोडले. एका शपथेसाठी मानाची जागा सोडणारा माणूस! घराण्याच्या इतिहासात हे पान सोन्याच्या अक्षरांत लिहावे असेच आहे.

पण तंबाखू हे कष्टाचे पीक. रोपे तयार करा, लावा, एकेक पान हाताने निरखून अळ्या वेचा, खुडा, वाळवा, पिंपांत दाबून भरा. सतराव्या शतकाच्या अखेरीला व्हर्जिनियात हे कष्ट आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांवर पडू लागले, आणि प्लेझंट्स घराण्याची शेतेही त्याला अपवाद राहिली नाहीत. प्रत्येकाच्या अंतरात प्रकाश आहे असे मानणारी माणसे रविवारी शांत बसून त्या प्रकाशाची वाट पाहत आणि सोमवारी विकत घेतलेल्या माणसांकडून शेत कसून घेत.

ही विसंगती क्वेकरांच्या ध्यानात आलीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या चौघांनी १६८८ सालीच गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला होता. वरच्या सभांनी तो कागद बाजूला ठेवला. पुढे न्यू जर्सीचा जॉन वुलमन गावोगाव हिंडू लागला. शिंपीकाम करणारा साधा माणूस. गुलाम बाळगणाऱ्या घरी मुक्काम पडला, तर ज्या गुलामांनी आपली सेवा केली त्यांच्यासाठी तो जाताना पैसे ठेवून जाई. यजमानाला उपदेशापेक्षा हे पैसे अधिक झोंबत असतील. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७५८ साली गुलामांच्या खरेदी-विक्रीत पडणाऱ्यांना दूर ठेवायचे ठरवले आणि १७७६ साली गुलाम न सोडणाऱ्यांना पंथाबाहेर काढायचे. म्हणजे त्या पहिल्या निषेधापासून अठ्ठ्याऐंशी वर्षे गेली.

आता पुन्हा कर्ल्सकडे येऊ. मूळ पुरुषाचा नातू, त्याचेही नाव जॉनच, १७७१ साली वारला. त्याने मृत्युपत्र करून ठेवले होते. आपल्या गुलामांची त्याने मुलानातवंडांत वाटणी केली होती, पण एक अट घालून. ज्यांना हवे असेल ते गुलाम वयाच्या तिसाव्या वर्षी मुक्त व्हावेत. मात्र त्यांना प्रांताबाहेर न हाकलता मुक्त करायला देशाचा कायदा परवानगी देईल तेव्हा.

ही शेवटची ओळ महत्त्वाची. व्हर्जिनियात १७२३ च्या कायद्याने मालकाला स्वतःच्या मर्जीनेही गुलाम सोडता येत नसे. त्यासाठी गव्हर्नर आणि त्याच्या मंडळाची मंजुरी लागे, आणि तीही गुलामाने काही असामान्य कामगिरी केली असेल तरच. म्हणजे म्हाताऱ्या जॉनने जे दिले ते न झालेल्या कायद्यावर काढलेली हुंडी होती. जोनाथन नावाच्या त्याच्या एका मुलानेही पाच वर्षांनी मरताना अशीच इच्छा लिहून ठेवली. दोन्ही मृत्युपत्रांची अंमलबजावणी सोपवली होती थोरला मुलगा रॉबर्ट याच्याकडे.

आणि १७८२ साली ती हुंडी वटण्याची वेळ आली. स्वातंत्र्ययुद्ध जिंकल्यात जमा होते. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने मालकांना दस्तऐवजाने किंवा मृत्युपत्राने गुलाम मुक्त करण्याची मोकळीक दिली. हा कायदा व्हावा म्हणून क्वेकर झटले होते आणि रॉबर्ट त्यांत पुढे होता. त्याने आपल्या स्वतःच्या मालकीच्या सुमारे ऐंशी जणांना मुक्त केले. मग तो भावंडांकडे आणि इतर वारसांकडे वळला. वडिलांची अट पुरी झाली आहे, आता सोडा त्यांना, असे त्याने सांगितले.

काहींनी ऐकले. काहींनी ऐकले नाही.

यानंतरचे दृश्य कुठल्याही वाटणीच्या भांडणात शोभावे असे आहे. वडिलांची इच्छा सगळ्यांना शिरोधार्य होती, फक्त ती आपल्या वाट्याला लागू नव्हती! ज्यांच्या हातात शेत, ज्यांच्या डोक्यावर कर्ज, ज्यांच्या मुलींची लग्ने व्हायची, त्यांना वडिलांचे औदार्य परवडेना. म्हाताऱ्याने पुण्य स्वतःच्या खाती जमा केले आणि खर्च आमच्या नावावर टाकला, असे एखाद्या वारसाला वाटले असेल तर त्यात काहीच तथ्य नव्हते असेही नाही. पण खरा खर्च कोण सोसत होते, हे त्या हिशेबात कुठेच धरलेले नव्हते.

रॉबर्टने आठ-नऊ वर्षे समजुतीचे मार्ग चोखाळले. विधिमंडळाकडे अर्ज केला, तिथे दाद लागली नाही. अखेर साठी उलटून गेलेल्या या माणसाने आपल्याच भावंडांवर आणि नातलगांवर दावा लावला. घरातली माणसे घरच्याच माणसांविरुद्ध कोर्टात जातात ती बहुतेक काही मिळवण्यासाठी. हा गृहस्थ गेला तो घराण्याची संपत्ती कमी व्हावी म्हणून. व्हर्जिनियात गुलामगिरीविरोधी संस्था १७९० साली निघाली तिचा अध्यक्षही तोच होता. त्याआधी १७८५ साली त्याने जॉर्ज वॉशिंग्टनला पत्र लिहून, स्वातंत्र्यासाठी लढलेल्या सेनापतीच्या घरी गुलाम कसे, असे स्पष्ट विचारले होते.

वारसांचा कायदेशीर मुद्दा मात्र बळकट होता. मेलेल्या माणसाची इच्छा जिवंत माणसांच्या मालमत्तेवर किती काळ राज्य करू शकते, याला इंग्रजी कायद्यात मर्यादा आहे. तोच नियम आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही आला आहे. वारसांचे म्हणणे असे, की कायदा बदलेल तेव्हा मुक्त करा ही अट शंभर वर्षांनीही पुरी होऊ शकली असती. इतकी लांबची अट मुळातच रद्द समजावी. तर्क अगदी बिनतोड. फक्त ज्या मालमत्तेबद्दल तो चालला होता तिला हातपाय होते, मुले होती आणि ती निकालाची वाट पाहत होती.

रॉबर्टच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत जॉन मार्शल होते. हेच पुढे १८०१ साली अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. खालच्या कोर्टात न्यायाधीश होते जॉर्ज विथ. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे आणि जेफर्सनला कायदा शिकवणारे हेच ते. १७९८ साली विथ यांनी गुलामांच्या बाजूने कौल दिला आणि पुढे जाऊन सांगितले, की ज्यांना हक्क असूनही राबवून घेतले त्यांना त्या कामाचा मोबदलाही द्या. वारस अपिलात गेले. १७९९ साली वरच्या कोर्टाने स्वातंत्र्य कायम केले. चारशेहून अधिक माणसांना या निकालाचा आधार मिळाला. मोबदल्याचा भाग मात्र त्या कोर्टाने काढून टाकला.

इथे जरा थांबून हिशेब करायला हवा. समजा, म्हातारा जॉन वारला तेव्हा कर्ल्सच्या शेतावर वीस वर्षांची एक बाई होती. १७८२ साली ती एकतीस वर्षांची झाली. मृत्युपत्राप्रमाणे त्या दिवशी ती मोकळी व्हायला हवी होती. तिचा मालक न ऐकणाऱ्या वारसांपैकी निघाला असेल, तर निकाल लागला तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. मधली सतरा वर्षे कोणाची? कोर्टाने त्याचे उत्तर दिले नाही, म्हणजे एका अर्थी दिलेच. आणि मुक्तीच्या कायद्यात पंचेचाळीस वर्षांवरच्यांना पोसण्याची हमी मालकाने द्यावी असे होते. म्हातारी माणसे मोकळी करून मालकांनी हात झटकू नयेत हा हेतू चांगलाच. पण माणसाच्या कामाची वर्षे कोणती आणि ती कोण घेत असे, हेही त्यावरून समजते.

मृत्युपत्रातले ते तीस वर्षांचे वयही याच दृष्टीने पाहावे. हाडापेरात बळ असते ती पहिली वर्षे घराण्याची, उरलेली तुमची. म्हाताऱ्या जॉनला वाईट माणूस म्हणता येणार नाही. त्याच्या भोवतालचे कितीतरी जमीनदार एवढेही लिहून न ठेवता गेले. कायदा आडवा होता हेही खरे. तरीही मला वाटते, त्याने आपल्या मनाचे ओझे उतरवले ते मुलांच्या खांद्यावर. जे आपल्याच्याने झाले नाही ते वारसांनी करावे, ही मृत्युपत्रातली सर्वांत जुनी आणि सर्वांत भाबडी आशा आहे. वारसाला जमीन मिळते, सदसद्विवेक मिळतोच असे नाही. या घरात तो एका मुलाला मिळाला, म्हणून तर आपण आज हे बोलतो आहोत.

रॉबर्टही निष्कलंक नव्हता. वयाच्या साठीपर्यंत तोही गुलामांचा मालक होता. फरक एवढाच, की त्याने हे काम पुढच्या पिढीवर टाकले नाही. स्वतःचे गुलाम हयातीत सोडले, सोडवलेल्यांच्या मुलांच्या शाळेसाठी ग्रॅव्हली हिल येथील साडेतीनशे एकर जमीन दिली, आणि नातलगांचा रोष पत्करून वडिलांचा शब्द खरा केला. १८०१ साली तो वारला. पाचच वर्षांत, १८०६ साली, व्हर्जिनियाने नवा कायदा केला: यापुढे जो मुक्त होईल त्याने बारा महिन्यांत प्रांत सोडावा. म्हणजे म्हाताऱ्या जॉनने जी भीती मृत्युपत्रात लिहून ठेवली होती तीच पुन्हा कायदा होऊन आली. दावा आणखी दहा वर्षे लांबला असता तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

क्वेकर नोंदी ठेवण्यात मोठे काटेकोर. जन्म, विवाह, मृत्यू, कोणाला समज दिली, कोणाला काढले, सारे त्यांच्या सभांच्या वह्यांत सापडते. त्यामुळे प्लेझंट्स घराण्याची वंशावळ आज कुणालाही लावता येते. त्या शेतांवर राबलेल्यांची लावायची तर कोणते कागद उघडावे लागतात? मृत्युपत्रातल्या वाटणीच्या याद्या, मुक्तीचे दस्तऐवज आणि या दाव्याचे कागद. तिथे माणसे आहेत, पण बहुतेक नुसत्या पाळण्यातल्या नावाने. आडनाव नाही, गाव नाही, बापाचे नाव क्वचित. त्यांच्या पणतू-खापरपणतूंना आपल्या घराण्याचा आरंभ शोधायचा झाला, तर तो दुसऱ्यांच्या घरातल्या भांडणाच्या कागदांतून शोधावा लागतो. जमीन कसली कोणी, या प्रश्नाचे उत्तर तिथे लिहून ठेवलेले आहे. त्या घराण्याचा इतिहास लिहायचा झाला तर तो या कागदांशिवाय पुरा होणार नाही.