विश्लेषण : जुने जर्मन नाणे घेण्याआधी वाचावे कसे?

जर्मनीत नोकरीला असलेला भाचा सुट्टीवर येताना तिथल्या रविवारच्या जुन्या बाजारातून एखादे नाणे घेऊन येतो. शंभरेक वर्षे जुने, वर पंख पसरलेला गरुड. घरात पहिला प्रश्न येतो, ‘याचे आता किती येतील?’ आणि उत्तर सापडायच्या आत कुणीतरी ते चिंचेने घासून लख्ख करते. नाण्याचे खरे नुकसान तिथे होते. झळाळी येते, पण वर्षानुवर्षे चढलेली मूळ छटा जाते, बारीक रेषा पुसट होतात आणि जाणकार ग्राहक ते बाजूला ठेवतो. जर्मन नाण्यांत तर बारीक गोष्टींवरच सगळे अवलंबून असते. बाजरीच्या दाण्याएवढे एक अक्षर किमतीचा फरक ठरवते.

एकाच सालची नाणी वेगवेगळी का?

१८७१ पूर्वी जर्मनी हा एक देश नव्हता. उत्तरेकडे थालर चालत, दक्षिणेकडे गुल्डन. साम्राज्य स्थापन झाल्यावर १८७३ च्या कायद्याने मार्क आणि त्याचे १०० फेनिग ही व्यवस्था पक्की झाली. पण राजेरजवाड्यांचा मान ठेवावा लागला. एक मार्क आणि त्याखालची नाणी सगळ्या साम्राज्यात सारखी, तर दोन मार्कांपासून वरच्या नाण्यांवर एका बाजूला त्या त्या राज्याचा राजा, किंवा हॅम्बुर्ग, ब्रेमेन, ल्यूबेक या स्वतंत्र शहरांचे चिन्ह. दुसऱ्या बाजूला साम्राज्याचा गरुड. तो सुरुवातीला लहान होता, १८८९-९० च्या सुमारास मोठा झाला. बव्हेरियाचा राजा ओटो मानसिक आजारामुळे राज्य करूच शकला नाही, कारभार त्याचे काका पाहत. तरीही १८८८ ते १९१३ पर्यंत नाण्यांवर चेहरा ओटोचाच आहे.

मग येते ते बारीक अक्षर. रोमन लिपीतले ‘ए’ म्हणजे बर्लिनची टाकसाळ, ‘डी’ म्युनिक, ‘एफ’ स्टुटगार्ट, ‘जी’ कार्ल्सरूहे, ‘जे’ हॅम्बुर्ग. कैसर गेला, प्रजासत्ताक आले, हिटलर आला आणि गेला, मार्क जाऊन युरो आला, तरी ही अक्षरे टिकून आहेत. ‘बी’ या अक्षराची गंमत वेगळीच. १८७८ पर्यंत ते हानोव्हरचे होते, नंतर तिथली टाकसाळ बंद झाली. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि तेच अक्षर व्हिएन्नाला मिळाले. स्वस्तिकाच्या नाण्यावर ‘बी’ दिसला तर एका देशाचे स्वातंत्र्य गेल्याची नोंद त्या अक्षरात आहे.

जुने म्हणजे दुर्मीळ?

नवखा संग्राहक सर्वाधिक फसतो तो इथेच. १८८८ या एका वर्षात जर्मनीने तीन सम्राट पाहिले. त्यांतला तिसरा फ्रेडरिक अवघे ९९ दिवस गादीवर होता. तेव्हा त्याचे नाणे अगदी दुर्मीळ असणार, असे वाटते. प्रत्यक्षात लोकांनी ती नाणी आठवण म्हणून जपून ठेवली, त्यामुळे ती आजही सहज मिळतात. उलट त्याच सालातली, त्याच्या मुलाची, म्हणजे दुसऱ्या विल्हेल्मची लहान गरुडाची नाणी शोधावी लागतात.

नाण्यावरचे साल हे त्याचे वय असतेच असेही नाही. मारिया थेरेसाचा १७८० सालचा थालर अनेक ठिकाणी ‘जुने जर्मन नाणे’ म्हणून दाखवला जातो. महाराणी ऑस्ट्रियाची असली तरी हा ठसा ग्युन्झबुर्गचा, आणि ते गाव आज बव्हेरियात आहे. पण आखाती देशांत आणि इथिओपियात या नाण्याला इतकी मागणी होती की तेच साल घालून ते पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ ठिकठिकाणी पाडले गेले. दुसऱ्या महायुद्धात तर ते मुंबईच्या टाकसाळीतही पडले. म्हणजे ज्याला कुणी अडीचशे वर्षांपूर्वीचे युरोपी नाणे समजून जपतो, ते फोर्टमध्ये तयार झालेले असू शकते!

टाकसाळच खोटे बोलली तर?

दुसरे महायुद्ध संपल्यावर पश्चिम जर्मनीच्या पहिल्या नाण्यांवर ‘बांक डॉइचर लेंडर’ असे शब्द होते. १९५० पासून त्या जागी देशाचे नाव आले. मात्र कार्ल्सरूहेत १९५० साल आणि जुने शब्द असलेली पन्नास फेनिगची ३० हजार नाणी पडली. वर ओकचे रोप लावणारी स्त्री, खाली ‘जी’. संग्राहक त्यावर तुटून पडले. पुढे १९७० च्या दशकात उघड झाले, की तिथल्या टाकसाळीच्या प्रमुखानेच काही कर्मचाऱ्यांना हाताशी धरून दुर्मीळ नाणी गुपचूप पुन्हा पाडली होती आणि त्यांत हेही नाणे होते. टाकसाळ खरी, यंत्रे खरी. मग नाणे खोटे कसे? प्रकरण जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि परवानगीशिवाय पाडलेले नाणे बनावटच, असे ठरले.

एवढी मोठी फसवणूक सामान्य माणसाच्या वाट्याला येत नाही. त्याच्या वाट्याला येते ती साधी नक्कल, आणि ती पकडायला सोनाराकडे असतो तसा लहान काटा नि लोहचुंबक बहुतेक वेळा पुरतात. साम्राज्याच्या चांदीच्या मार्कचे वजन ५.५५ ग्रॅम, दोन मार्कचे ११.११, पाच मार्कचे २७.७७. झिजेमुळे किंचित कमी भरेल, पण पाच मार्कचे नाणे २२ ग्रॅम भरले किंवा चुंबकाला चिकटले तर पुढे बोलायचे कारण नाही. सॅक्सनीचे १९१७ चे तीन मार्क कुणी स्वस्तात देऊ केले तर काट्याचीही गरज नाही. ती फक्त १०० पाडली गेली होती.

सुरुवात कशाने करावी?

बहुतेकांची सुरुवात चांदीने होते, आणि तीच चूक आहे. चांदीच्या नाण्यात पैसे अडकतात, नक्कलही त्याचीच होते, आणि चांदीचा भाव वर-खाली झाला की छंदाचा सट्टा होतो. जर्मनीचे विसावे शतक खरे तर हलक्या धातूंत लिहिलेले आहे. पहिल्या महायुद्धात निकेल आणि तांबे दारूगोळ्यासाठी हवे होते, म्हणून १९१५ पासून पाच आणि दहा फेनिग लोखंडाचे झाले, पुढच्या वर्षी एक फेनिग ॲल्युमिनियमचा, मग दहा फेनिग जस्ताचा. १९२३ मध्ये ५०० मार्कांचे नाणे ॲल्युमिनियमचे निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात एका डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क पडत होते. १९४० पासून पुन्हा जस्त. ही सगळी नाणी आजही अल्प किमतीत मिळतात आणि पाच-सात नाण्यांत दोन युद्धे नि एक महागाई हातात येते.

नाझी काळातल्या चांदीच्या नाण्यांना उगाच भाव चढवला जातो. हिंडेनबुर्गचा चेहरा आणि मागे स्वस्तिक असलेली पाच मार्कची नाणी लाखोंनी पाडली गेली, त्यांत दुर्मीळ असे फार थोडे. विकणारा त्या चिन्हाचे पैसे लावतो. संग्रहात तो काळ वगळू नये, पण त्यासाठी काळवंडलेले एक जस्ताचे दहा फेनिग पुरे.

भारतीय संग्राहकाने जर्मन पूर्व आफ्रिकेकडेही पाहावे. आजच्या टांझानियातल्या या वसाहतीत जर्मनांना मार्क नव्हे, रुपयाच चालवावा लागला, कारण त्या किनाऱ्यावर व्यापार भारतीय रुपयात होत होता. शिरस्त्राण घातलेल्या कैसरचा तो ‘रुपी’ वजनाला आपल्या रुपयाएवढा, आणि १९०४ पर्यंत त्याचे पेसेही आपल्यासारखेच ६४. चांदीचा रुपी महाग पडतो, तांब्याचा पेसा परवडतो.

घरात नुसते १९४८ नंतरचे पश्चिम जर्मन मार्क पडून असतील तर तेही वाया गेलेले नाहीत. १.९५५८३ मार्कला एक युरो या दराने जर्मनीची मध्यवर्ती बँक ते आजही, कोणत्याही मुदतीशिवाय बदलून देते. फक्त देण्याआधी पन्नास फेनिगची नाणी एकदा भिंगाखाली धरावीत.